एक दिवस, एक कुंड

आर्बेय, १६ ऑगस्ट

प्रिय एर्मीन,

आपल्या घराचे नाव निघाले! आठ वर्षांनंतरच्या पहिल्या पत्राची सुरुवात प्रकृतीच्या चौकशीने करायला हवी, हे मला समजते. तसा मसुदा मी सकाळी केलाही होता. परंतु ही बातमी तुला अन्य कोणाकडून कळण्याआधी माझ्याकडून कळावी, म्हणून तो बाजूला ठेवला. तुझी प्रकृती उत्तम आहे असे गृहीत धरतो.

काल प्रार्थना संपल्यावर ढोलवाल्यांच्या म्होरक्याने नेहमीप्रमाणे घरांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकलेली आपली टोपी पाद्रीबाबांपुढे धरली. त्यांना चष्मा सापडेना. चिठ्ठी हातभर लांब धरून, डोळे बारीक करून ते म्हणाले, "देव्हांतेरी." कॅफेवाली इदा शेजारीच होती. ती म्हणते, मी आधीच उभा असूनही पुन्हा उभा राहिलो. हे कसे शक्य आहे ते मला कळत नाही, पण तिथल्या तिघांनी त्याला दुजोरा दिला.

म्हणजे येत्या १९ मार्चला, संत जोसेफच्या सणाला, बासऱ्या आणि ढोल चौकात येऊन थांबतील आणि साऱ्या गावाचा पहिला पेला आपल्या कथलाच्या सुरईतून भरला जाईल. मागच्या खेपेस ती आजोबांच्या हाती होती. तू तेव्हा जन्मली नव्हतीस आणि मी बाबांच्या खांद्यावर होतो.

तुझा मळा कसणारा झाकारी अर्थातच तिथे होता. सत्तरी उलटली, तरी त्याची जीभ काही बोथट झालेली नाही. "झालं! आता मार्चमध्ये सगळ्या गावाला कॅल्क्युलेटर पिळून प्यावा लागणार!" माझ्या बँकेतल्या नोकरीवरून मारलेला हा टोमणा ऐकून लोक हसले. इदाने त्याला तिथल्या तिथे सुनावले, "गप बसा हो. तुमच्या घरची पाळी होती तेव्हा निम्मं गाव दुसऱ्या दिवशी अंथरुणातून उठलं नव्हतं."

"प्रेमानं पाजली होती मी."

"प्रेमानं नाही, पिंपात घातलेल्या गंधकानं."

नियम तुला आठवत असतील, तरी गैरसमज नको म्हणून लिहितो. सुरईत डोलच, म्हणजे आपली दोन द्राक्षांची लाल वाईनच, असली पाहिजे. निव्वळ पिनो द्राक्ष चालत नाही, निव्वळ गामे चालत नाही. दोन्ही एकत्र हवीत, पिनो निम्म्याहून जास्त हवा, द्राक्षे घराच्या मालकीच्या मळ्यातली हवीत आणि घराच्याच तळघरात आंबवलेली हवीत. गोडी मोजणीत कमी भरली तर ती वाईन हलक्या प्रतीची, गोरों, ठरते आणि गोरों सुरईत जात नाही. जे घर ओतू शकत नाही, त्याची सुरई ग्रामसभेच्या दालनातल्या खुंटीवरून उतरते आणि पुन्हा चढत नाही. त्या भिंतीवर दोन खुंट्या रिकाम्या आहेत. आपण लहानपणी त्या घरांची नावे दबक्या आवाजात घेत असू.

आता वस्तुस्थिती. वाटणीत खालचा मळा मला आला, त्यात पिनो आहे. वरचा तुला आला, त्यात गामे आहे आणि तो संत मार्टिनच्या दिवसापर्यंत, म्हणजे ११ नोव्हेंबरपर्यंत, तू झाकारीला खंडाने दिलेला आहेस. झाकारी म्हणतो, "तिनं सांगितलं तर यंदाचं पीक सोडतो. तू सांगितलंस तर नाही."

हे पत्र माहितीसाठी आहे, विनंतीसाठी नव्हे. तथापि उत्तर महिनाअखेरीस मिळाल्यास सोयीचे होईल.

तुझा भाऊ,
मार्सियाल


आर्बेय, ४ सप्टेंबर

प्रिय एर्मीन,

तुझे पोस्टकार्ड मिळाले. झ्युरिकच्या तळ्याचे चित्र सुरेख आहे. मागचा मजकूर मात्र इतका थोडा आहे, की तो टपालवाल्या ओगुस्तनेही मला देण्यापूर्वी वाचला आणि त्याला तो तोंडपाठ झाला. "एक दिवस. एक कुंड. नाहीतर नाही." काल इदाच्या कॅफेत मी शिरलो तेव्हा तिघेजण पत्ते पिसता पिसता एका सुरात हेच म्हणत होते.

म्हणजे आपण जिथे थांबलो होतो तिथूनच तू सुरू केलेस. ठीक आहे. मीही तिथूनच सुरू करतो.

माझे म्हणणे तेव्हा होते तेच आहे. पिनो आधी पिकतो, गामे आठवडाभर मागून. दोघांना एकाच दिवशी तोडायचे, तर एकाला कच्चे तोडावे लागते किंवा दुसऱ्याला वेलीवर ताटकळत ठेवावे लागते. ज्याला त्याला त्याच्या वेळी तोडावे, वेगळ्या कुंडात आंबवावे आणि हिवाळ्यात चव घेऊन, माप ठरवून एकत्र करावे, यात वडिलांचा अपमान कुठे होतो? सियों शहरातले बहुतेक वाईनवाले असेच करतात. बाबा दोन्ही एका कुंडात टाकत, कारण त्यांच्याकडे एकच कुंड होते.

तू त्या वर्षी म्हणाली होतीस, "हिवाळ्यात ओळख करून दिलेली माणसं जन्मभर एकमेकांना अहो-जाहो करतात. एकत्र आंबली तरच घरची होतात." मी म्हणालो होतो की ही भावना आहे, युक्तिवाद नाही. तू कात्री भिंतीवर ठेवलीस आणि स्टेशनकडे चालू लागलीस. ती कात्री दुसऱ्या दिवशी मी तेल लावून खोक्यात ठेवली, एवढेच नमूद करतो.

पण हे सारे सोड, कारण यंदाचे पीक काय आहे, म्हणून सांगू! खालच्या मळ्यात घड एकसारखे रंगले आहेत. एकही मणी हिरवा नाही. काल संध्याकाळी बँकेतून परतताना कोटासकट मळ्यात शिरलो आणि एक मणी तोंडात टाकला. बिया अजून कडू आहेत, पण साल अशी जाड, की दाताखाली आवाज येतो. असे पीक मी मालक झाल्यापासून पाहिलेले नाही. दुपारभर डोंगरावरून उबदार वारा उतरतो आहे आणि रोन नदीचे सारे खोरे भट्टीसारखे तापले आहे.

तेव्हा माझा प्रस्ताव असा, की तोडणी वेगळी, कुंडे दोन, आणि मिश्रण तुझ्या समक्ष, तुझ्या जिभेने. यापेक्षा अधिक मी देऊ शकत नाही.

मार्सियाल


आर्बेय, २४ सप्टेंबर

प्रिय एर्मीन,

तू उत्तर दिले नाहीस. झाकारीला मात्र दिलेस! त्याने ते पत्र कॅफेत मोठ्याने वाचले, आणि तेही दोनदा, कारण पहिल्या वेळी ओगुस्त बाहेर होता. "पीक भावाला द्या, पण एक दिवस, एक कुंड या अटीवरच. अट मोडली तर पीक तुमचं."

"म्हणजे मी आता पंच झालो," झाकारी म्हणाला. "आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी माझ्यावर विश्वास टाकला, आणि तीही देव्हांतेरी!"

अटीचा विचार करण्यापूर्वी माल पाहणे आवश्यक होते. म्हणून आज वरच्या मळ्यात गेलो. आठ वर्षांत प्रथमच. गोडी मोजायची नळी खिशात होती. फाटकाची कडी तशीच आहे, उचलून डावीकडे ओढावी लागते. हात आपोआप डावीकडे गेला.

मळा उत्तम राखलेला आहे, हे मी झाकारीच्या तोंडावर कबूल करणार नाही. उतारावरच्या दगडी बांधांच्या ताली कुठेही ढासळलेल्या नाहीत. खालच्या तीन तालींवरच्या गामेला अजून सात-आठ दिवस हवेत.

वरच्या चार तालींविषयी पुढच्या पत्रात लिहीन. घाईचे काही नाही. तिथले पीकही चांगले आहे.

माझा पिनो तयार आहे. अगदी तयार. उद्या तोडला तरी चालेल, खरे म्हणजे उद्याच तोडायला हवा. रेडिओने पुढच्या आठवड्यात पाऊस सांगितला आहे. मी कामगारांना अजून निरोप पाठवलेला नाही. का पाठवलेला नाही, ते सांगता येत नाही.

मार्सियाल


आर्बेय, २६ सप्टेंबर

एर्मीन,

वरच्या चार तालींवर पिनो आहे.

हे मी परवाच लिहायला हवे होते. दोन दिवस मी स्वतःला समजावत होतो, की आधी खात्री करून घ्यावी. खात्री मला पहिल्या वेलीपाशीच झाली होती. घड लहान आणि मुठीसारखा आवळलेला, पान जाडसर, गडद, वर फोड आल्यासारखे. शेजारच्या तालीवर गामेचा मोठा सैल घड, मणी किंचित लांबट. शाळकरी पोरालाही फरक कळावा. काल पुन्हा जाऊन मी प्रत्येक तालीवरून चाललो. चार ताली पिनो, तीन ताली गामे. म्हणजे पिनो निम्म्याहून जास्त. एर्मीन, तुझ्या एका मळ्यात पुरी डोल उभी आहे!

आपल्याला हे कळले कसे नाही? आठव. बाबा जानेवारीत गेले, फेब्रुवारीत नोटरीला घेऊन आपण वाटणीला मळ्यात उभे होतो. गुडघाभर बर्फ होते. वरच्या तालींवर खुंट्यांना बांधलेली कोवळी रोपे होती, एकाही रोपाला पान नव्हते. तो गामेचा मळा, म्हणून तीही गामे, असे तू, मी आणि नोटरी, तिघांनीही धरले. त्या शरद ऋतूत रोपांना फळ नव्हते आणि पानांकडे पाहायला आपल्याला भांडणातून सवड नव्हती. हिवाळ्यात मळ्याची वाटणी करणारे आपणच!

मी झाकारीला गाठले.

"तुम्हाला माहीत होतं?"

"मीच पिकवतो, मला माहीत नसेल?"

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाहीत?"

"मला कोणी विचारलं? पोरा, दोन्ही जातींची द्राक्षं मिळतायत गामेच्या खंडात. मी काय दवंडी पिटू?"

मग तो थोडा वेळ पाइप कोरत बसला आणि पुढचे त्याने न विचारताच सांगितले. ते जसे ऐकले तसेच लिहितो. "ती रोपं लावताना मी तुझ्या बापाला विचारलं होतं, इतक्या वर, थंडाव्यात पिनो कशाला? तो म्हणाला, वर उशिरा पिकेल, खालच्या गामेबरोबर एकाच दिवशी तोडता येईल. म्हणाला, 'झाकारी, माझी दोन्ही पोरं एका कुंडात मावायची नाहीत. म्हणून दोघांना वेगळी वेगळी डोल लावून देतो. पोरीची झाली. पोराच्या मळ्यात पुढच्या वसंतात गामे लावतो.' पुढचा वसंत काही त्याला भेटला नाही."

मी घरी कसा आलो ते आठवत नाही. आपण भांडायच्या आधीच बाबांनी आपले भांडण पाहिले होते आणि रागावण्याऐवजी ते फावडे घेऊन वर चढले होते. अर्धे काम उरले, ते माझे.

आता जे लिहितो ते नीट वाच. तुला माझी गरज नाही. सुरई घराची आहे आणि घर म्हणजे तूही आहेस. तू तुझ्या सात तालींची डोल आपल्या तळघरात एकटीने करू शकतेस, मार्चमध्ये एकटीने ओतू शकतेस, आणि सारे नियमात बसेल. मी नियम पुन्हा वाचले. तळघराची किल्ली मी इदाकडे ठेवली आहे.

माझ्यापुरते म्हणशील, तर कामगारांना मी निरोप पाठवला आहे, तो ५ ऑक्टोबरचा. तोवर माझा पिनो वेलीवर थांबेल. पाऊस येईल, कदाचित घड कुजतील. जाळी टाकली आहे, कारण पाखरांना माझा निर्णय माझ्याआधी कळला होता. तुझ्या गामेच्या दिवशीच तो उतरेल, आणि तुझी परवानगी असेल तर तिच्याच कुंडात. परवानगी नसेल तर तसे कळव. कार्डावर लिहिलेस तरी चालेल. ओगुस्तला वाचू दे.

मार्सियाल


आर्बेय, १२ ऑक्टोबर

प्रिय एर्मीन,

कुंड बोलते आहे!

तोडणी उरकून तू संध्याकाळच्या गाडीने गेलीस, इस्पितळातल्या तुझ्या पाळीला माझा काही इलाज नव्हता, पण दोन दिवस थांबली असतीस तर पाहिले असतेस. तिसऱ्या दिवशी पहाटे तळघराच्या पायऱ्यांवरच तो वास आला. ठेचलेल्या रानबेरीचा, ओल्या पावाचा, आणि आणखी कशाचा तरी, ज्याला मला शब्द सापडत नाही. सालींचा थर वर चढून कुंडाच्या काठाला टेकला होता. मी बाबांचा दांडा घेऊन तो खाली दाबला, तर खालून असा हुंकार आला, की मी त्याला "हो, हो" म्हणालो. मोठ्याने. तळघरात कोणी नव्हते, ही समाधानाची बाब आहे.

तू विचारशील म्हणून आधी गोडीचे सांगतो. सरकारी मोजणीदार तू गेल्यावर आला. त्याने कुंडातून रस काढला, नळीत पाहिले, पुसली, पुन्हा पाहिले. झाकारी आणि इदा दारात. ओगुस्त टपालाची पिशवी खाली ठेवून उभा. दोन दिवस झोडपून काढणाऱ्या त्या पावसाने मी साफ बुडालो आहे, असे मला तोडणीच्या सकाळी वाटले होते. तुलाही वाटले असणार. माझ्या घडांच्या पोटात करडी बुरशी पाहून तू बाह्या सरसावल्यास. उपड्या पाटीवर बसलीस, खोक्यातली तुझी कात्री मी पुढे केली ती घेतलीस, आणि एकेक कुजका मणी कापून टाकू लागलीस. दुपारपर्यंत आपण दोघे तेच करत होतो. तेवढ्या वेळात तू एकच वाक्य बोललीस, "तेल चांगलं लावलंयस." मी त्यावर अजून विचार करतो आहे.

तर मोजणीदार म्हणाला, "मर्यादेच्या दोन अंश वर. डोल."

झाकारी म्हणाला, "पुन्हा मोजा. याला दशांशात सांगितल्याशिवाय झोप येत नाही."

इदाने त्याला कोपर मारले आणि मग कोणी न सांगता राय धान्याचा पाव, वाळवलेले मांस आणि अर्धे चीज घेऊन आली. आम्ही कुंडापाशीच शेकोटीवर चीज वितळवले. तुझ्या वाटणीचे झाकारीने खाल्ले, आणि तसे तुला कळवण्यास सांगितले आहे.

सगळे एकत्र आंबते आहे. तुझा वरचा पिनो, माझा खालचा, तुझी गामे. कोणते कुठले, हे आता मलाही सांगता येणार नाही. मला वाटले होते की याचा मला त्रास होईल.

दर संध्याकाळी थर दाबतो आहे. कुंडाची ऊब आणि वास कळवत जाईन. तुझा फोनचा नंबर मला माहीत नाही, तो पाठवशील तर पत्राचा वेळ वाचेल.

मार्सियाल


आर्बेय, २० मार्च

प्रिय एर्मीन,

काल तू गाडी पकडायला धावलीस ते बरे केले, नाहीतर झाकारीने तुला नाचायला ओढले असते. पण त्यामुळे पुढचे राहून गेले, ते लिहितो.

तू सुरई उचललीस तेव्हा ढोल थांबले, इथपर्यंत तुला ठाऊक आहे. तू पहिला पेला ढोलवाल्यांच्या म्होरक्याला दिलास, दुसरा पाद्रीबाबांना. तिसऱ्याला झाकारीने पेला पुढे केला, तेव्हा तुझी धार चुकली आणि त्याच्या बाहीवर सांडली. तू गेल्यावर तो ती बाही सगळ्यांना दाखवत फिरत होता. "बघा, खरी डोल आहे, डाग जात नाही!" चेष्टा करून झाल्यावर त्याने एक घोट घेतला आणि पेला पुन्हा पुढे केला. त्या माणसाला मी पन्नास वर्षे ओळखतो. दुसऱ्याच्या तळघरातल्या वाईनसाठी त्याने दुसऱ्यांदा पेला पुढे केलेला मी पाहिलेला नाही. इदानेही नाही. तिला मी मुद्दाम विचारले.

मला विचारशील तर आधी चेरी, मग काळी मिरी, आणि घोट उतरल्यावर जिभेवर पावसानंतरच्या दगडी तालीची चव. पिनो ओळखू येत नाही, गामेही नाही. तू जे म्हणाली होतीस, ती भावना आहे असे मी म्हटले होते. ती वस्तुस्थिती आहे.

सुरई संध्याकाळी खुंटीवर चढली. मी स्वतः चढवली, स्टुलावर उभा राहून. सारे गाव खालून पाहत असल्याने उतरायला थोडा वेळ घेतला.

आता कामाचे. तुझे रबरी बूट इथे राहिले आहेत. पार्सलने पाठवण्याचा खर्च मला अनाठायी वाटतो, म्हणून ते धुऊन दाराशी ठेवले आहेत. झाकारीचा खंड नोव्हेंबरात संपला आणि तुझ्या सात तालींची छाटणी अजून झालेली नाही. माझी उरकली. तुझ्या वेलींना मी हात लावलेला नाही. वेली आता रडू लागतील, कापाच्या जागी रस गळू लागेल, त्यामुळे ईस्टरच्या सुट्टीपलीकडे थांबणे योग्य नाही. कात्री तेल लावून ठेवली आहे.

आणखी एक. आज सकाळी रोपवाटिकेचा माणूस दारात आला होता. झाकारीने पाठवलेला, हे उघड आहे. म्हणाला, "गामेची उत्तम रोपं आहेत. तुमच्या खालच्या मळ्यात वरच्या ताली मोकळ्या करून लावू या. चार वर्षांत तुमची स्वतःची डोल तयार. कोणाकडे मागायला नको." बाबांचे उरलेले अर्धे काम असे दारात येऊन उभे राहिले. रोपे खरोखर चांगली होती. मी मुळे तपासली.

मी त्याला परत पाठवले.

म्हणजे आता स्थिती अशी आहे. तू एकटी डोल करू शकतेस. मी करू शकत नाही, पुढेही करू शकणार नाही, आणि दर शरद ऋतूत गामेसाठी मला तुला पत्र लिहावे लागेल.

तुझा भाऊ,
मार्सियाल